उभी राहिलेली एमजीबी सुरू करण्याआधी

अनेक वर्षं उभ्या एमजीबीला (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर मारू नका. सिलेंडरमधलं तेल कधीच सुकलेलं असतं. गंज धरला असेल तर पिस्टनच्या रिंगा तुटतात. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. मग चौथ्या गिअरमध्ये गाडी हलकेच ढकलून पाहा. इंजिन फिरत नसेल तर जोर लावू नका, पुन्हा तेल घालून थांबा.

फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदला. प्लग न लावता, कॉइलची वायर काढून स्टार्टर थोडा थोडा चालवा. ऑइल प्रेशरचा काटा उठला की मगच प्लग लावा, गॅप ०.०२५ इंच.

जुनं पेट्रोल काढा, रबरी नळ्या सरसकट बदला. एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे त्याच्या पिस्टनची हालचाल मंदावणाऱ्या वरच्या तेलाच्या कुपीत, २० ग्रेडचं ऑइल हवंच. ते नसेल तर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळतं आणि नवशिके उगाच पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा जेटचा नट पिळत बसतात. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं, तेवढं बघून घ्या.

इंजिन चाललं तरी रस्त्यावर इतक्यात नाही. ब्रेकचे रबरी होज आतून फुगतात, मग पेडल सोडलं तरी चाक जखडलेलंच राहतं.