कार्यशाळेआधी वेळापत्रक उघडा

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा दिसतो: यंदा शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे, बाहेरचे तज्ज्ञ बोलावून दोन दिवसांची कार्यशाळा घ्या असं वरून सुचवलं जातंय, पण मागच्या कार्यशाळांनंतर वर्गात काहीच बदललं नाही. मग वेगळं काय करायचं?

तज्ज्ञांचं नंतर बघू. आधी शाळेचं वेळापत्रक काढा आणि एकच विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना आठवड्यात एक तरी तासिका एकत्र मोकळी मिळते का ते पाहा. बहुतेक शाळांत मिळत नाही. ती मिळवून देणं हे तुमचं यंदाचं सगळ्यात मोठं काम आहे. ती तासिका बदली तासासाठी घेतली जाणार नाही, हे मुख्याध्यापकांकडून आधीच कबूल करून घ्या. नाहीतर कोणी रजेवर गेलं की पहिला बळी तिचाच जातो.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी १९८० मध्ये शिक्षक प्रशिक्षणाचे पाच घटक मांडले: तत्त्व समजावणं, करून दाखवणं, सराव करून घेणं, त्या सरावावर प्रतिक्रिया देणं आणि शेवटी वर्गात ते वापरताना शिक्षकाच्या सोबत राहणं. आपल्या कार्यशाळा पहिल्या दोन घटकांतच संपतात. शिक्षकांना तिथे सांगितलेलं पटतं, कळतंही. पण समोर भरलेला वर्ग आणि अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम असताना हात आपोआप जुन्याच सवयीकडे जातो, आणि त्या क्षणी शेजारी कोणी नसतं.

एक छोटं उदाहरण घ्या. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात, पण अंगवळणी पडायला महिने लागतात, कारण वर्गातली ती शांतता शिक्षकालाच सहन होत नाही. मागच्या बाकावर बसलेल्या सहकाऱ्याने ‘आज तुम्ही चार वेळा थांबलात, नंतर घाई सुरू झाली’ एवढं सांगितलं, तरी ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा कामाचं ठरतं.

मात्र इथे एक पथ्य पाळाच. सहकाऱ्याच्या तासाला असं बसणं आणि गोपनीय अहवाल यांचा संबंध अजिबात येऊ देऊ नका. निरीक्षणाचा कागद कार्यालयात जातो असा संशय जरी आला, तरी शिक्षक त्या दिवशी ठेवणीतला पाठ घेतील आणि तुम्हाला खरं काहीच दिसणार नाही. पर्यवेक्षक म्हणून तुम्हीही शक्यतो स्वतः जाऊन बसू नका. उलट तुमच्या तासाला त्यांना बोलवा.

निरीक्षण कशाचं करायचं, हेही महत्त्वाचं. जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठ-अभ्यास, चालत आला आहे. तिथे काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात: कोण कुठे अडलं, कोणी काय खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं. नंतरची चर्चा पाठाबद्दल होते. पाठ सर्वांनी मिळून बांधलेला असल्यामुळे तो फसला तर एकट्याला अवघडून जावं लागत नाही. मला ही पद्धत सगळ्यात माणुसकीची वाटते.

पूर्ण पाठ-अभ्यास लगेच झेपणार नसेल तर मोकळ्या तासिकेत वह्या घेऊन बसा. समजा, ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं असं अनेक मुलांनी लिहिलंय. चूक म्हणून फुली मारणं सोपं. पण मुलं ३५ आणि ८ यांची तुलना करताहेत, म्हणजे पूर्ण संख्यांचा नियम इकडे आणताहेत, हे चार शिक्षकांनी मिळून ओळखलं की पुढच्या तासाला काय करायचं याची खरी चर्चा सुरू होते. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये मांडलेलं शिक्षकाचं खास ज्ञान ते हेच: विषय नेमका कुठे अवघड जातो आणि तो कसा सोपा करून मांडायचा. कोणत्याही विषयाला चालेल असं सर्वसाधारण प्रशिक्षण इथवर पोचवत नाही.

ज्येष्ठ शिक्षक नाराज आहेत, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांनी बऱ्याच योजना आलेल्या आणि गेलेल्या पाहिल्या आहेत, त्यांचा थंडपणा मी समजू शकतो. विषय त्यांनाच निवडू द्या. ‘दरवर्षी मुलं कुठे अडतात?’ असं विचारा, ते भरभरून सांगतील.

आता तज्ज्ञ. बोलवायचेच असतील तर दोन सलग दिवसांऐवजी एक दिवस आत्ता आणि एक दिवस दोन-तीन महिन्यांनी ठेवा. मधल्या काळात शिक्षकांनी काय करून पाहिलं आणि कुठे अडलं, यावरच दुसरा दिवस चालवा. ही अट मान्य नसलेल्या तज्ज्ञांना नम्रपणे नकार द्या.

सुरुवात सगळ्या शाळेत एकदम करू नका. मनापासून तयार असलेले दोघे-तिघे घ्या, एकच विषय धरा, एक सत्र चालवा. अभिप्रायाचे फॉर्म भरून घेण्यात वेळ घालवू नका. सत्राच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वह्या शेजारी ठेवून बघा. वेळापत्रकात तासिका बसवताना अडचण आली तर किती तुकड्या आणि त्या विषयाचे किती शिक्षक ते इथेच लिहा, जुळवणी सुचवतो.