इंग्लिश, ब्रिटिश आणि स्कॉटिश यात नेमका फरक काय? आणि 'ही इज अ फ्रेंच' म्हटलं तर चुकतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. हो, चुकतं. 'ही इज फ्रेंच' म्हणा नाहीतर 'फ्रेंचमन' म्हणा, मधला तो 'अ' काढला की निम्मी भानगड मिटते. पहिल्या प्रश्नावर मात्र माझी भर पार्टीत गेलेली आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

२०११ साली मी स्कॉटलंडात ॲबर्डीनला होतो, समुद्रातल्या तेलाचं काम. आमचा सुपरवायझर तोंडानं फटकळ पण माणूस सोन्यासारखा, पहिल्या थंडीत मला कुडकुडताना बघून स्वतःच्या घरचा जाड कोट आणून दिलेला त्यानं. त्याच्या साठाव्या वाढदिवसाला सगळ्यांनी दोन शब्द बोलायचं ठरलं. मी आदल्या रात्री भाषण लिहिलं आणि सांगलीला आमच्या दाजींना फोनवर वाचून दाखवलं, कारण दाजी कॉलेजात इंग्लिश शिकवतात. दाजी म्हणाले, एक नंबर. दुसऱ्या दिवशी मी उभा राहून ठणकावून सांगितलं, 'यू आर अ ट्रू इंग्लिश जंटलमन.'

हॉल गार. कुणीतरी मागं खोकलं. काहीतरी घोटाळा झालाय एवढं कळलं, म्हणून सावरायला गेलो आणि म्हणालो, 'सॉरी, स्कॉच जंटलमन.' मग सगळे हसायला लागले, तो सोडून.

पुढचा अख्खा आठवडा तो मला गुजराती म्हणत होता. रोज सकाळी 'मॉर्निंग, माय गुजराती फ्रेंड'. तिसऱ्या दिवशी मला राहवेना, म्हणलं अहो मी मराठी आहे, तर म्हणतो कसा, बॉम्बेच्याच बाजूचे ना तुम्ही सगळे, काय फरक पडतो?

तर फरक असा. इंग्लिश म्हणजे फक्त इंग्लंडचा. स्कॉटलंडचा तो स्कॉटिश किंवा स्कॉट, वेल्सचा तो वेल्श. १६०३ ला इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा एक झाला, १७०७ ला पार्लमेंट एक झालं, आणि आज तिघांच्याही पासपोर्टवर ब्रिटिश सिटिझनच असतं. म्हणून स्कॉटिश माणसाला ब्रिटिश म्हटलं तर कागदावर बरोबर, इंग्लिश म्हटलं तर शिवी. स्कॉच हे व्हिस्कीला, सूपला नाहीतर अंड्याला. माणसाला नाही.

आपला घात 'इंग्रज' या शब्दानं होतो. १६७४ ला रायगडावर ईस्ट इंडिया कंपनीचा वकील ऑक्झिंडेन आला तेव्हा ठीक होतं, कंपनी खरंच इंग्लिश होती. पण पेशवाई बुडाली त्या काळातली कंपनीच्या साहेबांची नावं बघा, एल्फिन्स्टन, माल्कम, मन्रो, आणि साताऱ्याला राहून गेलेला, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, चौघंही स्कॉटिश! हे मी नंतर सुपरवायझरला मोठ्या उत्साहानं सांगितलं तर तो म्हणाला, तेवढं मात्र इंग्लिशांच्याच खात्यावर मांड. (खरं तर आपले जुने लोक जास्त चोख होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर, म्हणजे युरोपातले व्यापारी, मोजताना फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार असे सगळे वेगवेगळे घेतलेत, म्हणजे पोर्तुगीज, इंग्लिश, डच, फ्रेंच, डॅनिश.)

आता तो 'अ'. दाजींचा मुद्दा असा की 'अ जर्मन' चालतं, 'ॲन इंडियन' चालतं, मग 'अ फ्रेंच' का नाही? कारण जर्मन, इंडियन, अमेरिकन ही नामंही आहेत, पुढं 'एस' लावून अनेकवचन होतं. फ्रेंच, इंग्लिश, डच, आयरिश यांचं तसं होत नाही, 'द फ्रेंच' म्हणजे सगळी फ्रेंच जनता. काहींना नाम वेगळंच असतं, स्पॅनिशचा स्पॅनियार्ड, डॅनिशचा डेन, पोलिशचा पोल, टर्किशचा टर्क. ही पाठच करायची, दुसरा इलाज नाही. 'अ चायनीज' व्याकरणात बसतं पण पुष्कळांच्या कानाला उद्धट लागतं, तिथं सरळ 'फ्रॉम चायना' म्हणा.

एक राहिलं. नॉर्दर्न आयर्लंडच्या माणसाबाबतीत वरचं काहीच धरून चालू नका. तो भाग ग्रेट ब्रिटनमध्ये येत नाही पण युनायटेड किंगडममध्ये येतो, आणि १९९८ च्या करारानुसार तिथला माणूस स्वतःला आयरिश म्हणवू शकतो, ब्रिटिश म्हणवू शकतो किंवा दोन्ही. त्यालाच विचारा. आणि स्वतःला अभिमानानं ब्रिटिश म्हणवणारे स्कॉटिशही मला भेटलेत, नाही असं नाही.

आणि दाजी, तुम्ही हे वाचताय हे मला माहितीय. मागच्या दिवाळीत 'स्कॉच माणसालाही चालतं, डिक्शनरीत आहे' म्हणून तुम्ही विषय बंद केला होता. आहे हो डिक्शनरीत. त्याच्या शेजारी तिरक्या अक्षरात काय छापलंय तेवढं चष्मा लावून वाचा आणि मला फोन करा.