सापळ्यातला पतंग 'शहाणा' होतो का? (उत्तर लांबलंय, सवडीने वाच)

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. अमळनेर तालुक्यात तुमची चार एकर कपाशी. वडिलांनी जुलैअखेर गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे लावले, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढून पकडणारे. सुरुवातीला रोज पतंग सापडायचे. ऑक्टोबरात सापळे रिकामे, आणि बोंड फोडलं तर आत अळी आहेच. वडील म्हणाले, "पतंग शहाणे झाले." तू बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलंयस, म्हणून तुला विचारायचंय की किड्याचं वागणं असं पिढ्यांमागून बदलतं का, आणि बदलत असेल तर त्याच्या जनुकात आणि मेंदूत नेमकं काय बदलतं.

मी सव्वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, आणि चोपड्याकडे तापीकाठी आमची कपाशी अजून आहे. हा प्रश्न मला वर्गातही भेटला आणि बांधावरही, त्यामुळे मनापासून लिहितोय.

पहिली गोष्ट: एक पतंग शहाणा होत नाही. पतंगाचं आयुष्य फार तर दोन-तीन आठवड्यांचं, आणि सापळ्यात पडलेला नर परत जाऊन कुणाला काही सांगत नाही. पण वडिलांचं म्हणणं उडवूनही लावू नकोस. पतंग बदलत नसला तरी पतंगांची पिढी बदलू शकते, आणि वागणं हे रंग किंवा पंखांच्या आकारासारखंच वारशाने उतरतं. फरक एवढाच की रंग डोळ्यांना दिसतो आणि वागण्याची मुळं मज्जातंतूंच्या जोडणीत असतात.

आधी ते वागणं बघ. पुस्तकातून कळत नाही, रात्री शेतात जाऊन उभं राहावं लागतं. बॅटरीवर लाल कागद बांधून मी कितीतरी रात्री मध्यरात्र उलटल्यावर सापळ्याजवळ थांबलोय. नरसाळ्याचा सापळा, खाली प्लास्टिकची पिशवी, वर मादीचा गंध भरलेली रबराची इवलीशी गोळी, म्हणजे ल्यूर. नखाएवढा करडा-तपकिरी नर नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूने येतो. गंधाची लकेर लागली की तो सरळ वाऱ्याच्या तोंडावर झेपावतो. लकेर तुटली की पुढे जाणं थांबवून डावीकडे-उजवीकडे झुलत राहतो. पुन्हा लागली की पुन्हा झेप. सारा प्रवास एवढ्या दोन हालचालींचा. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. कोषातून बाहेर आल्यावर पहिल्याच रात्री त्याला हे येतं.

आता डोक्यात काय चालतं ते. नराच्या मिशांवर, म्हणजे शृंगिकांवर, बारीक केसांची दाटी असते. त्या केसांतल्या चेतापेशींवर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात, आणि एक रिसेप्टर एका विशिष्ट रेणूला प्रतिसाद देतो. कुठल्या पेशीवर कुठला रिसेप्टर बसेल हे जनुकं ठरवतात. त्या पेशींच्या तारा मेंदूच्या पुढच्या भागात जाऊन गोलसर गाठींमध्ये शिरतात, त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. मादीचा वास ओळखणाऱ्या गाठी नरात खास मोठ्या असतात, मादीत तसा समूह नसतो. तिथून निरोप मेंदूत पुढे जातो आणि उडण्याच्या स्नायूंपर्यंत पोचतो. म्हणजे "मादीकडे जा" हे वागणं तीन जागी लिहिलेलं असतं: मिशीवरच्या रिसेप्टरमध्ये, तारा कुठे जाऊन जुळतात त्यात, आणि पुढच्या हुकमात. वागणं बदलायचं तर यांपैकी कुठेतरी खाडाखोड व्हायला हवी. नवा मेंदू बांधावा लागत नाही. या विषयातली मला सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट हीच.

याचा पुरावा रेशमाच्या पतंगात मिळाला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ ब्युटेनांट यांनी 1959 साली जवळजवळ पाच लाख मादी पतंगांच्या ग्रंथींतून बॉम्बिकॉल हा रेणू वेगळा काढला. कीटकांचा ओळखला गेलेला हा पहिला कामगंध. पुढे 2011 मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी रेशमाच्या नर पतंगात, बॉम्बिकॉल ओळखणाऱ्या पेशींवरच, कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा रिसेप्टर बसवला. मेंदूला हात लावला नाही, तारा जागच्या जागी. तो नर कोबीच्या पतंगाच्या मादीकडे जायला लागला! त्या जातीशी त्याचं लग्न शक्य नाही, पण त्याच्या मेंदूत "ही तार वाजली की मादी आहे" एवढंच लिहिलेलं आहे. तार कुणी वाजवली हे तो पाहत नाही. हे वाचून मी वर्गात तासभर बोललो होतो.

आपल्या शेतातलं उदाहरण घे. कपाशी, तूर, हरभरा पोखरणारी हिरवी बोंडअळी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिच्या मादीचा गंध दोन रेणूंचा, साधारण 97 ला 3. तिची बहीण म्हणावी अशी तंबाखूवरची हेलिकोव्हर्पा असल्टा जवळजवळ तेच दोन रेणू वापरते, पण प्रमाण उलटं. एकीचा मुख्य रेणू दुसरीचा किरकोळ. या दोन जातींतल्या एका रिसेप्टरची तुलना केली तेव्हा दिसलं की त्याच्या साखळीतली फक्त दोन अमिनो आम्लं बदलली की तो वेगळा रेणू पसंत करतो. शेकडो मण्यांच्या माळेतले दोन मणी, आणि त्या मिशीला जग वेगळं भासतं.

पण सगळं रिसेप्टरवरच ठरतं असं समजू नकोस. बरेच लोक इथेच थांबतात, आणि खरा गाभा इथूनच पुढे आहे.

युरोप-अमेरिकेत मक्याचं खोड पोखरणारी एक अळी आहे, ऑस्ट्रिनिया. तिचे दोन वाण एकाच भागात राहतात. दिसायला सारखे, पण 'झेड' वाणाची मादी एका रेणूचं 97 टक्के मिश्रण सोडते, तर 'ई' वाणाची मादी त्याच्या जुळ्या रेणूचं 99 टक्के. प्रत्येक वाणाचा नर आपापल्या मादीकडे जातो. मादीतला फरक ज्या जनुकामुळे पडतो ते 2010 मध्ये सापडलं. ते गंध तयार करणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक आहे. नराची पसंती मात्र वेगळ्याच गुणसूत्रावर, झेड या लिंग-गुणसूत्रावर आहे, हे 1987 पासून माहीत होतं. (पतंगात आपल्या उलट असतं: नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू.) वास घेणाऱ्या रिसेप्टरांचा एक पुंजका त्याच गुणसूत्रावर आहे, म्हणून सगळ्यांचा संशय तिकडेच होता. 2021 मध्ये खरं जनुक सापडलं तेव्हा ते रिसेप्टरचं निघालंच नाही. ते 'बॅब' नावाचं नियामक जनुक होतं, शरीर घडत असताना इतर जनुकं चालू-बंद करणारं. मेंदूकडे पाहिलं तर मोठी आणि लहान गाठ दोन्ही वाणांत तीच, फक्त कुठल्या रेणूची तार कुठल्या गाठीत शिरते हे उलटं. म्हणजे मिशी तीच, रेणू तेच, जोडणी वेगळी.

आता एक अडचण बघ. गंध सोडणारं जनुक एका गुणसूत्रावर, ओळखणारं दुसऱ्यावर. मादीचा गंध बदलला आणि नर तोच राहिला, तर तिच्याकडे कुणी फिरकणार नाही आणि तिचं जनुक तिच्याबरोबर संपेल. मग दोन्ही बाजू बदलतात कशा? यातली किल्ली मोजक्या नरांकडे असते. प्रत्येक पिढीत काही नर ढिल्या पसंतीचे असतात, त्यांना जरा वेगळं मिश्रणही चालतं. एरवी हे मागे पडतात. पण बदललेल्या गंधाच्या माद्या वाट्याला आल्या की याच नरांची पिल्लं वाढतात.

आणि नेमकं हेच माणसानेही घडवून आणलंय. जपानच्या शिझुओका भागात चहाच्या मळ्यात एक पान गुंडाळणारी अळी आहे. तिच्या मादीचा गंध चार घटकांचा. 1980 च्या दशकात तिथे त्यांतला एकच घटक हवेत भरून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे नर गोंधळतो आणि मादी सापडत नाही. सुरुवातीला उत्तम गुण आला. दहा-पंधरा वर्षांत तो घसरला, कारण त्या एका घटकाने न फसणारे नर मागे राहून त्यांची पैदास झाली होती. मग जास्त घटकांचं मिश्रण वापरल्यावर गुण परत आला. मळेवाल्यांनी म्हटलं असेल, पतंग शहाणे झाले. प्रत्यक्षात न फसणारे निवडले गेले होते.

असं बदलणं खान्देशाने वेगळ्या रूपात डोळ्यांनी पाहिलंय. बीटी कपाशी, म्हणजे अळी मारणारं विष स्वतःच तयार करणारी, 2002 मध्ये आली, तिची पुढची आवृत्ती बोलगार्ड-2 2006 मध्ये, आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडं पोखरली. मात्र बीटीला दाद न देणारी अळी आणि सापळ्याला न फसणारा नर या वेगळ्या गोष्टी आहेत. गुलाबी अळीत बीटी विष आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि त्याचं जनुक बिघडलेल्या अळ्या विष पचवतात हे दिसून आलंय. तिथे पोट बदललं, वागणं नाही. शेतकरी या दोन्हींना "अळी सवयीची झाली" म्हणतात. परीक्षेत तू तसं लिहू नकोस.

तर मग तुमच्या शेतातले नर बदलले का? माझं मत, बहुतेक नाही. गुलाबी अळीची मादी दोन रेणूंचं साधारण निम्मं-निम्मं मिश्रण सोडते, आणि ल्यूरमध्ये तेच दोन्ही असतात, जपानसारखा एकटा घटक नाही. ल्यूर जितकी खऱ्या मादीसारखी, तितकं नराला तिच्यातून सुटणं अवघड, कारण तिला चुकवणारा नर मादीलाही चुकतो. अमेरिकेत बीटी, नपुंसक पतंग सोडणं आणि कामगंध हे सगळं एकत्र वापरून 2018 मध्ये कपाशीचा प्रदेश गुलाबी अळीमुक्त जाहीर झाला.

म्हणून पिढी बदलली असं मानायच्या आधी साध्या गोष्टी तपासा. जुलैत बसवलेली ल्यूर ऑक्टोबरापर्यंत तशीच होती का? काही आठवड्यांत ती विरते, पाकिटावरची मुदत बघून बदलायची असते. दुसरं, जुलैत सापळा पिकाच्या फूटभर वर असेल, ऑक्टोबरात कपाशी छातीएवढी होऊन सापळा पानांत बुडालाय का? तिसरं, ऑक्टोबरात शेतात खऱ्या माद्या इतक्या झालेल्या असतात की ल्यूरचा गंध त्यांच्या गर्दीत हरवतो. सापळा रिकामा दिसतो आणि अळी भरपूर, असं तेव्हाच होतं. तुमचं चित्र याच्याशी जुळतं. म्हणून या दिवसांत सापळ्यापेक्षा डोमकळ्या (अळीमुळे न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुलं) आणि फोडलेल्या बोंडांतल्या अळ्या मोजणं भरवशाचं. सापळ्यावर भिस्त ठेवायची ती आधीच्या महिन्यांत: सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री आठ पतंग आले की हालचाल करायची.

आणखी एक, मी स्वतः केलेली चूक. एका वर्षी हिरव्या आणि गुलाबी अळीच्या ल्यूर मी त्याच हाताने, एकामागून एक बसवल्या. एकीचा गंध हातावरून दुसरीला लागला, आणि त्या सापळ्यांच्या आकड्यांवर हंगामभर विश्वास ठेवता आला नाही. आता प्रत्येक जातीसाठी वेगळे मोजे, आणि ल्यूर खिशात कधीच नाही.

तुला स्वतः बघायचं असेल तर चार सापळे घे. दोघांत जुनी ल्यूर, दोघांत आजच फोडलेली, सगळे पिकाच्या फूटभर वर, एकमेकांपासून पन्नासेक मीटरवर. दर दोन रात्रींनी जागा अदलाबदल कर, म्हणजे वाऱ्याचा आणि बांधाचा दोष दोन्हींना सारखा लागेल. रोज सकाळी पिशवी रिकामी करून वहीत आकडा लिही, सालदारावर सोपवू नकोस. दहा दिवसांनी आकडे इथे टाक, वडिलांनाही दाखव.