पर्वरीच्या फ्लॅटमधली ओल, एसी आणि हीटर

ताई, प्रश्न नीट वाचला. पुण्याहून जूनमध्ये पर्वरीला आलात, दीड टनाचा नवा इन्व्हर्टर एसी रात्रभर वीसवर असतो, तरी कपाटामागे काळी बुरशी, सकाळी लादी ओली, मुलाला खोकला, आणि आता कोणीतरी रूम हीटर घ्या म्हणतंय. हीटर अजिबात घेऊ नका. त्याने हवा तापते म्हणून आर्द्रतेचा टक्का खाली दिसतो, पण खोलीतलं पाणी खोलीतच राहतं आणि बिल मात्र वाढतं. गोव्यात घर सांभाळायचं म्हणजे तापमानाच्या आधी आर्द्रता सांभाळायची, पुण्याहून आलेल्या माणसाला हे पटायला एक पावसाळा जावा लागतो.

आधी एक डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. तो बरोबर दाखवतोय का हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थोडंसंच पाणी घालून चिखलासारखं करा, मीटर आणि झाकण एका बंद डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास आकडा दिसला पाहिजे, जेवढा फरक दिसेल तेवढा पुढे धरून चालायचं. घरात साठच्या खाली ठेवायचंय. जुलैत खिडक्या उघड्या ठेवल्या तर पंच्याऐंशी-नव्वद सहज दिसेल, घाबरू नका.

आता बुरशी. पाणी भिंतीतून येतंय की हवेतून, हे कळल्याशिवाय रंगावर एक रुपया घालवू नका. बुरशीच्या जागी भिंत पुसून कोरडी करा, हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतूनच येतेय, म्हणजे बाहेरच्या प्लास्टरला चीर आहे नाहीतर शेजारच्या बाथरूमचा पाइप गळतोय. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी बघा. जुन्या घरांत त्या बाजूला पावसाळ्याआधी माडाची झापं बांधतात ती याचसाठी. फॉइलच्या पुढच्या बाजूला थेंब असतील तर दोष हवेचा.

तुमच्या वर्णनावरून मला हवेचाच वाटतो. पावसाळ्यात बाहेरच्या हवेत इतकं बाष्प असतं की पंचवीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. तुम्ही रात्रभर वीसवर एसी लावता, लादी आणि भिंती गार होतात, सकाळी सवयीने खिडकी उघडता आणि बाहेरची दमट हवा त्या गार लादीवर येऊन बसते, ओली लादी ती हीच. अजून एक, जे बरेच जण बघतच नाहीत: एसीच्या खोलीची भिंत पलीकडच्या बिनएसीच्या खोलीतूनही गार असते आणि बुरशी तिथे येते. तुमचं कपाट नेमकं त्या पलीकडच्या बाजूला आहे का बघा. असेल तर ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून वारा खेळू द्या.

जुलैत बाहेर सत्तावीस-अठ्ठावीसच असतं, त्यामुळे मोठा एसी खोली झटकन गार करतो, कॉम्प्रेसर मंद होतो नाहीतर थांबतो, पण पंखा चालूच राहतो आणि एसीच्या आतल्या गार कॉइलवर जमलेलं पाणी परत खोलीत जातं. म्हणून एसीचा फॅन लो वर ठेवा, लादी-भिंती फार गार होऊ नयेत म्हणून तापमान पंचवीस-सव्वीसवर, हवं तर ड्राय मोड, आणि वर सीलिंग फॅन. तेवढ्यानं मीटर साठच्या खाली येत नसेल तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र घ्या, दिवसाला वीसेक लिटरचा साधारण अडीचशे-तीनशे वॅट घेतो, दहा तास चालवला तर तीनेक युनिट. खोली बंद ठेवायची, आणि तो खोली थोडी तापवतो हे धरून चला. कपडे त्याच खोलीत वाळत घालू नका, एका लोडमधून एक-दोन लिटर पाणी हवेत जातं. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू ठेवा, गॅस जळतानासुद्धा वाफ तयार होते.

एअर प्युरिफायरबद्दल विचारलंत. त्यातला हेपा फिल्टर धूळ आणि बुरशीचे कण पकडतो, ओल कमी करत नाही, त्यामुळे आधी ओल. बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, कण घरभर उडतात, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि मुलाला तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि खोकला रेंगाळतोय तर डॉक्टरना बुरशीचं आवर्जून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

बाकीचे ऋतू सोपे आहेत. एसीची सर्व्हिस मार्चमध्येच उरका, मे महिन्यात टेक्निशियन हाताला लागत नाही. ड्रेन पाइपमध्ये शेवाळ्यासारखा चिकट थर साचतो, तो काढायला सांगा, नाहीतर पाणी भिंतीवर येईल. फिल्टर दर पंधरा दिवसांनी स्वतः धुवा. मे अखेर आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की एसीचा एमसीबी (बोर्डावरचा खटका) पाडा. समुद्र जवळ असेल तर आउटडोअर युनिट खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर बसवू नका, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची भुकटी होते, आणि पाऊस संपला की एमसीबी बंद करून ते साध्या पाण्याने हलक्या धारेने धुवून घ्या. कॉपर कॉइल घेतली म्हणून गंज लागत नाही असं नाही, पण गळती झाली तर ती झाळता येते, हा फायदा मोठा आहे.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पूर्वेचा कोरडा वारा असतो, तेव्हा घर उघडं टाका, फक्त शेजारी पालापाचोळा जाळत असतील तेवढा वेळ खिडक्या बंद. थंडीला पांघरूण पुरतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही नको, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

रंगकामही तेव्हाच काढा, फॉइल परत लावून भिंत वाळलेली दिसली की मगच. प्लास्टिक इमल्शन ओल्या भिंतीवर मारलं की पुढच्या पावसात फुगे येऊन पोपडे पडतात. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते, त्यामुळे जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घराला तोच बरा, तुमच्या फ्लॅटमध्ये मात्र बाहेर चीर असेल तर ती आधी बुजवून मग आतून रंग.