गाडीच्या छतावरचं सोलर: हिशोब त्र्यंबकच्या पावसावर धरा

नमस्कार काका,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१७ ची जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतलीत, मागच्या सीट काढून दोघांपुरता बेड आणि छोटा ओटा करताय, निवृत्तीनंतर महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेर राहायचंय, आणि काकूंना रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) लागतं. दुकानदार म्हणतो ५४० वॅटचे दोन पॅनल, घरात असतो तसा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) दोन ट्युब्युलर, म्हणजे शिसं-आम्लाच्या, बॅटऱ्या टाका. घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. घराच्या गच्चीसाठी तो सेट ठीक आहे, चालत्या गाडीसाठी नाही. मी २०१८ पासून अशाच गाडीत सोलर वापरतोय, त्यात दोनदा सगळं उपसून नव्याने केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रात्रीपासून सुरुवात करू, कारण तुमच्याकडे वीज जाणं म्हणजे पंखा बंद पडण्यापुरती गोष्ट नाही. सीपॅपला गरम ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवला तर साधारण ३० ते ५० वॅट लागतात, म्हणजे आठ तासांचे ३०० वॅट-अवर (वॅट गुणिले तास) धरा. ह्युमिडिफायर चालू असेल तर आकडा दुप्पटही होतो. तो बंद ठेवून चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका. बऱ्याच मशीनना १२ व्होल्टवर चालणारा डीसी अडॅप्टर मिळतो. तो नक्की घ्या, म्हणजे रात्रभर इन्व्हर्टर चालू ठेवावा लागणार नाही. घरचा इन्व्हर्टर काही न चालवताही १५-२० वॅट खातो. दिवसभर चालू राहिला तर त्याचेच ४०० वॅट-अवर गेले, जवळपास फ्रिजएवढे.

बाकीचं असं: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ४०० ते ५०० (एप्रिल-मेमध्ये जास्तच), दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे रात्रभर ४००, दिवे ५०, मोबाइल-टॅब १००, मिक्सर पाच मिनिटं ६०, पाण्याचा पंप नगण्य. सगळं मिळून १,४०० च्या आसपास. एसी आणि इंडक्शन यात धरलेलं नाही. एक टनाचा एसी सहा तास चालवायचा तर तेवढ्यालाच चार-पाच हजार वॅट-अवर लागतात, त्या छतावर ते निघत नाहीत. चहा-भाजीला गॅस ठेवा, पण सिलेंडरची जागा बॅटरीपासून वेगळी आणि हवेशीर हवी.

आता ऊन. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आडवा ठेवलेला पॅनल तेव्हा मनसोक्त ऊन खातो, पण छतावरची काच ६५ अंशांपर्यंत तापते आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. म्हणजे तेरा-चौदा टक्के तिथेच गेले. डिसेंबरात उलटं. हवा थंड, पॅनल खुशीत, पण दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशच वर असतो आणि आडव्या पॅनलवर ऊन तिरकं पडतं. दोन्हींची गोळाबेरीज अशी: माझे २०० वॅटचे दोन पॅनल स्वच्छ दिवसाला १,३०० ते १,६०० वॅट-अवर देतात. तुमच्या गरजेइतकं.

पण लोक इथेच थांबतात आणि पुढे फसतात. जुलै-ऑगस्टात त्र्यंबकला किंवा इगतपुरीला तीन दिवस मुक्काम करा. ब्रह्मगिरी दिसत नाही, दिवसभर ढग गाडीला टेकलेले. तशा दिवसांत माझ्या कंट्रोलरवर (पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणाऱ्या पेटीवर) ३००-४०० च्या वर आकडा गेलेला नाही. पॅनल दुप्पट केले असते तर ७०० झाले असते, तरी जेमतेम अर्धीच गरज भागली असती. आपल्याला फिरावंसं वाटतं ते नेमकं याच दिवसांत! म्हणून माझं ठाम मत असं की हिशोब मे महिन्यावर नाही, श्रावणातल्या त्र्यंबकवर धरायचा. आणि तो धरला की कळतं, जादा पॅनलचे पैसे डीसी-डीसी चार्जरवर आणि चांगल्या वायरिंगवर घालायला हवेत.

डीसी-डीसी चार्जर म्हणजे इंजिन चालू असताना अल्टरनेटरमधून (इंजिनवर वीज बनवणाऱ्या यंत्रातून) पंखे-फ्रिजसाठीची बॅटरी नीट मोजून भरणारी पेटी. ३० अँपिअरचा घेतला तर तासाला ४०० वॅट-अवर मिळतात. नाशिकहून भंडारदऱ्याला पोचेपर्यंत पाऊस कितीही असो, निम्म्याहून जास्त दिवसाची सोय झालेली असते. तुमची गाडी बीएस-४ असेल, तर कोणीतरी सांगेल की साधा रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) टाका, स्वस्तात होतं. लिथियम बॅटरीला ते करू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते, आणि गाडी एका जागी उभी राहून इंजिन हळू फिरत असताना अल्टरनेटरला थंड करायला पुरेशी हवाही नसते. तो जळतो. चार्जर घेण्याआधी अल्टरनेटरवरच्या पट्टीवर किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. चार्जरने त्याच्या निम्म्याहून कमीच ओढायला हवं. इंजिन बंद झालं की चार्जर आपोआप बंद व्हावा, यासाठी त्याला इग्निशनची वायर द्यायची. नाहीतर सकाळी स्टार्टरची बॅटरी उतरलेली.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या, १२.८ व्होल्ट २०० एएच. म्हणजे २,५६० वॅट-अवर, त्यातले २,२०० निर्धास्त वापरता येतात. दीड दिवस ऊन नाही मिळालं तरी काकूंचं मशीन चालेल. दुकानदाराच्या दोन ट्युब्युलर कागदावर ३,६०० च्या दिसतात, पण निम्म्यापेक्षा जास्त उतरवल्या की आयुष्य घटतं, म्हणजे हातात १,८००. वजन शंभर किलोच्या वर, लिथियमचं साधारण पंचवीस. शिवाय ट्युब्युलर शेवटच्या टप्प्यात फार हळू भरते. गाडीत ती पूर्ण भरायला तेवढं ऊन रोज मिळत नाही आणि अर्धवट भरलेली राहून ती खराब होते. आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तुम्ही दोघं झोपता त्या बेडखाली, बंद गाडीत, ती मला अजिबात नको वाटते. लिथियमचीही एक अट आहे: बऱ्याच कंपन्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका म्हणतात. मेमध्ये उन्हात बंद उभी गाडी आतून त्याच्याही वर जाते. तेव्हा बॅटरी पुढे इंजिनच्या कव्हरजवळ नको, मागे बेडखाली, दोन्ही बाजूंना जाळी ठेवून.

पॅनलबद्दल. ५४० वॅटचा एक पॅनल जवळपास २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलोच्या आसपास असतो. हायवेवर ऐंशीच्या वेगाने एवढी मोठी पाटी वाऱ्याला अडते, आणि मध्ये पकडायला आधार नसेल तर खड्ड्यांत काच लवते. त्याहून मोठा धोका व्होल्टेजचा. असा पॅनल उघड्या टोकांना ४९-५० व्होल्ट देतो. दोन सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडले की ९९, आणि बाजारातले अनेक एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे) कंट्रोलर १०० व्होल्टपर्यंतचे. दुकानदार म्हणेल बसतंय. पण थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं. निफाडला जानेवारीत पहाटे पारा पाच-सहापर्यंत उतरतो, त्या सकाळी पहिलं ऊन पडताच १०४ व्होल्ट येतील आणि कंट्रोलर कायमचा जाईल. २०० वॅटचे दोन पॅनल पॅरलल (समांतर) जोडा. एकावर झाडाची सावली आली तरी दुसरा चालू राहतो, आणि आपण गाडी कुठे लावतो? झाडाखालीच. पॅनल ते कंट्रोलर ६ स्क्वेअर एमएमची सोलर केबल, कंट्रोलर ३० अँपिअरचा एमपीपीटी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल.

छताच्या पन्हळींवर ॲल्युमिनियमचे रेल घ्या, पॅनल आणि छत यात तीन-चार सेंटिमीटर हवा खेळू द्या. नट नायलॉकचे, म्हणजे हादऱ्यांनी सैल न होणारे. छताला भोक पाडावं लागेल तिथे ब्युटिल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट, केबल आत जाते त्या ग्लँडचं (पाणी अडवणाऱ्या बुचाचं) तोंड मागच्या बाजूला. हे काम मे संपायच्या आत उरका, सीलंट वाळायला कोरडे दिवस हवेत. नाशिकच्या सातपूर-अंबडला फॅब्रिकेशनवाले भरपूर आहेत. रेल त्यांच्याकडून करून घ्या, वीज मात्र त्यांना जोडू देऊ नका.

वायरिंगबद्दल मी कोणालाही कळकळीने सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात आम्ही भंडारदऱ्याला होतो, मुलं मागे झोपलेली. सकाळी मिक्सर लावला आणि मिनिटभरात प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. बेडखालची फळी उचलली तर इन्व्हर्टरच्या केबलचं टोक लालसर झालेलं, भोवतीचं आवरण वितळलेलं. ज्याने काम केलं होतं त्याने लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) हातोडीने ठोकून बसवला होता. प्रवासात हादरे बसून तो सैल झाला. फ्यूज शाबूत होता! उडणार कसा, करंट जास्त नव्हताच. सैल सांध्यातून नेहमीचा करंट गेला तरी तो सांधा तापतो, आणि हे फ्यूजला कळत नाही. १२ व्होल्टवर १,००० वॅटचा इन्व्हर्टर जवळजवळ ९० अँपिअर ओढतो. घरात एवढा करंट आपण कधी बघत नाही, म्हणून घरचं वायरिंग करणाऱ्यालाही त्याचा अंदाज नसतो.

तेव्हा बॅटरी ते इन्व्हर्टर ३५ स्क्वेअर एमएमची बारीक तारांची तांब्याची केबल, मीटरभरात बसेल एवढीच. लग हायड्रॉलिक क्रिंपिंगच्या यंत्रानेच, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात क्लास-टी फ्यूज. शॉर्ट झाल्यावर लिथियम बॅटरी हजारो अँपिअर फेकू शकते, साधा फ्यूज ते तोडू शकत नाही. घरच्या एसी विजेचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) बॅटरीच्या डीसी विजेला वापरायचा नाही, त्यातली ठिणगी विझत नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) घ्या आणि वापरापुरताच चालू करा. पहिल्या प्रवासानंतर सगळे सांधे परत आवळा, आणि मिक्सर चालू असताना बेडखाली हात घालून केबलचं टोक कोमट तर लागत नाही ना ते बघा. मी आजही दर मुक्कामाला बघतो.

आरटीओचंही आधीच पाहून घ्या. सीट काढून बेड केलात की आरसीवरच्या नोंदीशी गाडी जुळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. फॅब्रिकेशनला पैसे देण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा.

पॅनल पुसायचा तो सकाळी, काच थंड असताना, नुसत्या पाण्याने.

पुढच्या वेळी छताच्या सपाट भागाची लांबी-रुंदी, अल्टरनेटरच्या पट्टीचा फोटो आणि सीपॅपच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर टाका. मी केबलची लांबी आणि फ्यूजचे आकडे मांडून देतो. आणि काम झाल्यावर लगेच सप्तशृंगी गडाला वगैरे निघू नका. पहिल्या दोन रात्री गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्येच लावा, दोघं आत झोपा, काकूंचं मशीन डीसी अडॅप्टरवर लावा, आणि झोपताना आणि उठल्यावर बॅटरीचा टक्का वहीत लिहा.