'लॅम्डा लहान मानू' हे पुरेसं नाही

प्रश्न सोलापूरच्या एका पीएचडी विद्यार्थ्याचा आहे. अ‍ॅनहार्मोनिक ऑसिलेटरवरचा (साध्या स्प्रिंगसारख्या दोलकाच्या ऊर्जेत एक जादा पद असलेली क्वांटम प्रणाली) त्यांचा पेपर 'अप्रॉक्झिमेशनला आधार नाही, मांडणी अस्पष्ट' असा शेरा मिळून परत आलाय. आता इंग्रजी सुधारून घ्यावं का, असं ते विचारतात.

इंग्रजीला तूर्त हात लावू नका. अडचण 'लॅम्डा लहान मानू' या वाक्यात आहे. त्या जादा पदात एक्सच्या (विस्थापनाच्या) चौथ्या घाताला गुणणाऱ्या लॅम्डाला एकक आहे, आणि एकक असलेली राशी कशाच्या तरी तुलनेतच लहान असते. लॅम्डा गुणिले एच-बार, भागिले (एम वर्ग गुणिले ओमेगा घन), ही मितीरहित, म्हणजे एकक नसलेली, संख्या घ्या (एच-बार म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले २ पाय, एम वस्तुमान, ओमेगा कोनीय वारंवारता). तिला जी म्हणू. एच-बार ओमेगाच्या एककात तळपातळीची ऊर्जा अशी येते:

१/२ + (३/४)जी − (२१/८)जी² + (३३३/१६)जी³ …

आता जी = ०.१ घालून बघा. पहिल्या कोटीपर्यंत (म्हणजे जीच्या पहिल्या घातापर्यंत) ०.५७५, दुसरीपर्यंत ०.५४९, तिसरीपर्यंत ०.५७०. संख्यात्मक उत्तर आहे ०.५५९. तिसऱ्या कोटीचं पद घालूनही चूक कमी झाली नाही! जी कितीही लहान घेतला तरी ही सिरीज शेवटी फुटतेच, म्हणजे पदं वाढवत गेलं की उत्तर भरकटतं (बेंडर आणि वू यांनी १९६९ मध्ये हे तपशिलात दाखवलं). म्हणून किती पदं ठेवली, जी कुठपर्यंत चालतो आणि तिथं चूक किती, हे तिन्ही सूत्राच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर लिहा. पाच पानांनंतर नको.

सोबत छोटा तक्ता द्या: जी ०.०१, ०.०५, ०.१ साठी तुमचं सूत्र आणि मॅट्रिक्स डायगोनलायझेशनचं (संगणकावर काढलेलं संख्यात्मक) उत्तर. त्यासाठी बेसिस (साध्या ऑसिलेटरच्या स्टेट्सचा संच) ४० स्टेट्सचा घ्या, मग ८० चा. दोन्हींत न बदलणारे अंकच छापा. जी शून्य केला की १/२ मिळतो, हेही एका ओळीत नोंदवा. जी खूप मोठा असताना ऊर्जा जीच्या १/३ घाताप्रमाणे वाढते; तुमच्या सूत्रातून ते निघत नाही, तर तसं स्पष्ट सांगा. मर्यादा लेखकानंच सांगितली की रेफरीचा, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, विश्वास वाढतो.

जुन्या पेपरांशी तुलना करताना संकेत तपासा. कुणी लॅम्डा लिहितं, कुणी लॅम्डा भागिले ४. तेवढ्यानं पहिल्या पदात चौपट फरक पडतो.

'इट कॅन बी ईझिली शोन' जिथं जिथं आलंय, तिथं मधल्या दोन पायऱ्या घाला. लांबत असेल तर अपेंडिक्सला न्या. चिन्ह पहिल्यांदा आलं की तिथंच त्याचा अर्थ द्या. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी लिहा, आणि त्यात 'चांगली जुळणी' ऐवजी टक्का टाका.

मग ड्राफ्ट विभागातल्या थिन फिल्मवाल्या, म्हणजे वेगळ्या विषयातल्या, मित्राला द्या. तो ज्या ओळीवर अडेल तिथं खूण करून घ्या. समजावून सांगत बसू नका, ती ओळच बदला. रेफरीला उत्तर देताना त्याचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा आणि खाली काय बदललं ते समीकरण क्रमांकासह लिहा.