वाचकांचे प्रश्न: खिडकीतली रोपवाटिका, कमीत कमी खर्चात

पाऊस तोंडावर आलाय आणि बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: जागा कमी, पैसे कमी, पण घरातच रोपं करायचीत. त्यामुळे यावेळी सगळे प्रश्न बिया आणि कटिंगचेच घेतलेत.

प्रश्न: डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये राहतो. मिरची, टोमॅटो, कोथिंबीर एवढंच लावायचंय, पण ऑनलाइन बघितलं तर सीडलिंग ट्रे, किट, ग्रो लाइट मिळून हजाराच्या वर जातंय. दोनशे रुपयांत काही होईल का?

होईल की, आणि नीट होईल. किट अजिबात घेऊ नका. पैसे दोनच गोष्टींवर घाला, चांगलं बी आणि स्वच्छ माध्यम (मातीऐवजी ज्यात बी पेरायचं ते), बाकी सगळं घरात पडलेलं असतं. दह्याचे कप, श्रीखंडाचे डबे, चहाचे कागदी कप, दुधाची पिशवी (धुवून, वरची कड खाली दुमडली की मस्त उभी राहते), काहीही चालतं, फक्त तळाला चार-पाच भोकं हवीत, ती गरम सुईने किंवा खिळ्याने पाडा. पार्सलचा पारदर्शक झाकणवाला डबा आला तर तो जपून ठेवा, बी उगवेपर्यंत झाकण लावलं की आत ओल टिकून राहते.

माध्यमासाठी कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) ६५० ग्रॅमची वीट घ्या, बादलीत भिजवली की फुगून आठ-नऊ लिटर होते, म्हणजे तुमच्या खिडकीला भरपूर झालं. काही विटांमध्ये मीठ राहिलेलं असतं म्हणून भिजवल्यावर एक-दोनदा पाणी बदलून पिळून घ्या, हे कुणी सांगत नाही आणि मग रोपांच्या पानांच्या कडा करपतात. त्यात चाळलेलं गांडूळखत मिसळा, साधारण तीन भाग कोकोपीटला एक भाग. सुरुवातीला यापेक्षा जास्त खताची गरजच नसते कारण पहिली जी दोन पानं येतात ती बियाच्या आतलीच असतात, रोपाची शिदोरी त्यातच असते, खरी पानं त्यानंतर येतात आणि भूक तिथून पुढे लागते.

बियांचं म्हणाल तर कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रात किंवा कृषी सेवा केंद्रात पुसा ज्वाला मिरची, पुसा रुबी टोमॅटो असले सरळ वाण विचारा. सरळ वाण एवढ्यासाठी की त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी वापरता येतं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढची झाडं आईसारखी निघतील याचा भरवसा नसतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी गावठी बी जपण्याचं जे काम केलंय ते याच पायावर उभं आहे. बी घरचं असलं की दरवर्षी दुकानात जावं लागत नाही, आणि तंगीत बाग करणाऱ्याला याहून मोठी बचत दुसरी नाही.

प्रश्न: टोमॅटोची रोपं छान येतात, दोन पानांवर असतात आणि एका रात्रीत आडवी पडतात. पानं हिरवीच असतात. पाणी तर रोज दोन वेळा घालते, तरी असं का? (पुणे)

ताई, रोज दोन वेळा पाणी हेच कारण आहे. आडवं पडलेलं एक रोप हातात घेऊन बघा, खोड जिथे मातीतून बाहेर येतं तिथेच ते पाणचट, तपकिरी आणि दोऱ्यासारखं बारीक झालेलं दिसेल, वरचा भाग मात्र ताजा. याला रोपं कोलमडणं म्हणतात, मर रोगाचाच हा प्रकार, आणि तो पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशींमुळे होतो. सतत ओली माती, कोंदट हवा आणि दाटीवाटीने टाकलेलं बी ही तिन्ही एकत्र आली की बुरशीला रान मोकळं. एका कोपऱ्यात सुरू होतं आणि दोन दिवसांत अख्खा डबा बसतो.

पडलेलं रोप उठत नाही, त्यामुळे ते आणि त्याच्या आजूबाजूची माती चमच्याने काढून टाका, कंपोस्टमध्ये टाकू नका. उरलेल्यांचं झाकण काढा. आता वरून पाणी बंद. कप पाण्याच्या ताटलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवायचे, खालून जेवढं ओढायचं तेवढं ओढतील, मग उचलून निथळत ठेवायचे. पुढचं पाणी कधी? वरचा थर बोटाला कोरडा लागला आणि कप उचलल्यावर हलका वाटला की. वजनावरून दोन-चार दिवसांत हाताला सवय होते. शक्य असेल तर पंखा स्लो ठेवून लांबून वारा लागू दे, त्याने खोडंही दणकट होतात.

पुढच्या वेळी डबे साबणाच्या गरम पाण्याने धुवा, एका कपात दोनच बिया टाका, आणि बागेतली किंवा जुन्या कुंडीतली माती बियांसाठी वापरूच नका. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिळते, ती बी पेरायच्या आधी माध्यमात मिसळली तर बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, पण रोग आल्यावर टाकून उपयोग होत नाही.

प्रश्न: कोल्हापुरात हॉस्टेलला आहे, खिडकी उत्तरेची. रोपं लांबच लांब वाढतात आणि वाकतात. ग्रो लाइट घ्यावाच लागेल का?

नाही. रोपं उजेड शोधत ताणली जातायत एवढंच. साधी पांढरी २० वॅटची एलईडी पट्टी चालते, गुलाबी-जांभळ्या दिव्यांची काही गरज नाही. मुद्दा अंतराचा आहे. छताला लावलेली ट्यूब रोपांच्या कामाची नाही, पट्टी रोपांच्या शेंड्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर पाहिजे, आणि रोपं वाढली की पट्टी वर सरकवायची. रोज १४ तास लावली तरी महिन्याला साडेआठ युनिटच्या आत वीज जाते. हॉस्टेलला वॉर्डनची परवानगी घ्या म्हणजे झालं. पट्टी जमत नसेल तर मित्राच्या पूर्वेच्या गॅलरीत ठेवा, सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन मिळालं तरी खूप फरक पडतो.

आत्ता लांबलेली टोमॅटोची रोपं टाकू नका. खोल कपात पहिल्या दोन पानांपर्यंत मातीत गाडा, टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात. मिरचीला हा प्रयोग नको. आणि आत वाढलेलं रोप एकदम बाहेरच्या उन्हात ठेवायचं नाही, आठवडाभर रोज तास-दोन तास वाढवत न्यायचं.

प्रश्न: डब्यातले धने पेरले, पंधरा दिवस झाले, काहीच नाही. धने खराब की मी? (नागपूर)

बहुतेक धनेच. मसाल्याचे धने जुने असतात, कधी भाजलेलेही असतात. त्यात एक धणा म्हणजे दोन बिया असतात, त्यामुळे पेरायच्या आधी लाटण्याने हलकेच दाबून दोन डाळी करायच्या आणि रात्रभर पाण्यात ठेवायच्या. शिवाय नागपूरच्या उन्हात कोथिंबीर नीट उगवत नाही, उगवली तरी पटकन फुलावर जाते, थोडं थंड होऊ द्या.

कुठलंही जुनं बी पेरायच्या आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून, मटकीला मोड आणतो तसे ठेवून बघा. शेतकरी सोयाबीन पेरायच्या आधी गोणपाटावर शंभर दाण्यांची उगवण चाचणी करतात, सोयाबीनला ७० टक्के उगवण लागते, त्याचीच ही छोटी आवृत्ती. दहातले सात आले तर नेहमीसारखं पेरा, चार आले तर दुप्पट पेरा, दोन आले तर नवं बी आणा. पाकीट घेताना मागे चाचणीची तारीख, मुदत आणि उगवणीचे टक्के छापलेले असतात ते वाचायचे, ज्या पाकिटावर यातलं काहीच नाही ते स्वस्त असलं तरी घेऊ नका, ते 'पन्नास प्रकारच्या बिया' वाले कॉम्बो तर नाहीच नाही.

एक महत्त्वाचं, गुलाबी किंवा निळ्या-हिरव्या रंगाचं बी आलं तर ते बुरशीनाशक लावलेलं असतं. हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा आणि त्याचे मोड किंवा मायक्रोग्रीन्स (अगदी कोवळी रोपं) कधीही खाऊ नका.

प्रश्न: जास्वंद, गुलाब आणि कढीपत्ता, तिघांच्या फांद्या शेजारून आणल्यात. जास्वंदीला पालवी फुटली होती, मग एकदम वाळली. (रत्नागिरी)

पालवी फुटली म्हणजे मुळं फुटली असं नाही हो! फांदीत साठवलेलं अन्न वापरून ती आधी पानं काढते, मुळं अजून नसतात, पानांतून पाणी उडत राहतं आणि साठा संपला की सगळं वाळतं. म्हणून छाट कलम (कटिंग) करताना पानं कमी ठेवायची आणि हवा दमट ठेवायची, सगळी मेहनत यासाठीच असते.

जास्वंदीची पेन्सिलएवढी जाड फांदी घ्या, अगदी कोवळी नको आणि जून लाकूडही नको, १२ ते १५ सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळे (पान जिथून फुटतं त्या गाठी) असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. कळ्या काढा, शेंड्याची दोन पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा. वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घेऊन आधी काडीने भोक पाडा, मग फांदी खोचा, भोवती दाबा आणि वरून पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली घाला. सावलीत, पण उजेडात. चार ते सहा आठवडे थांबायचं आणि रोज उपटून बघायचं नाही, हळूच हलवल्यावर अडकल्यासारखी वाटली की मुळं आली. मुळं फुटायची पावडर जास्वंदीला लागत नाही, गुलाबासाठी छोटी पुडी घेतली तर वर्षभर पुरते.

गुलाब गावठी असेल तर असाच येतो. पुष्पगुच्छातल्या डच गुलाबाच्या काड्यांवर वेळ घालवू नका, ती झाडं बहुतेक डोळा भरून (दुसऱ्या गुलाबाच्या खोडावर डोळा बसवून) केलेली असतात आणि स्वतःच्या मुळावर क्वचितच धड वाढतात.

कढीपत्त्याची फांदी सोडून द्या. शेजारच्या झाडाच्या बुंध्याजवळ मुळातून आलेले फुटवे असतील, त्यातला एक मुळासकट काढून मागा. नाहीतर पावसात झाडावर काळी पिकलेली फळं येतात, त्यांचा गर काढून बी त्याच दिवशी पेरा, हे बी वाळवून ठेवलं की काही आठवड्यांत उगवेनासं होतं.

बाजारातल्या जुडीतला पुदिना, मंजिरी न आलेली तुळशीची फांदी, पानओवा, मनी प्लांट हे सगळं मात्र नुसत्या पाण्यात मुळं धरतं. एक डोळा तरी पाण्याखाली पाहिजे आणि पाण्यात पान एकही नको. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, पावसाळ्यात साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि ग्लासभर पाणी त्यांना पुरतं. मुळं तीन-चार सेंटिमीटरची झाली की मातीत लावा, जास्त दिवस पाण्यात राहिलेली मुळं मातीत गेल्यावर बिचकतात.

प्रश्न: न्यू जर्सीला असते. इथे मिरची धरायला लागते तोवर थंडी येते. आईने भारतातून पाठवलेलं बी आहे. (आधीच्या पत्रात तुम्ही रोपं खिडकीत ठेवायला सांगितलं होतं, ते केलं.)

खिडकी बरोबर आहे, उशीर होतोय तो सुरुवातीला. मिरचीला उगवायला २५ ते ३० अंश ऊब लागते आणि तुमच्याकडे मार्चमध्ये खिडकीची काच थंडगार असते. शेवटचं दहिवर (गोठलेलं दव) एप्रिल अखेर ते मेच्या मध्यापर्यंत पडू शकतं, त्याच्या आठ ते दहा आठवडे आधी पेरा आणि उगवेपर्यंत कप घरातल्या सर्वात उबदार जागी ठेवा, फ्रिजच्या वर किंवा हीटरपासून थोडं लांब. कोंब दिसला की त्याच दिवशी पट्टीखाली, वर सांगितलंय तसं. बियांचं म्हणाल तर बाहेरून बी मागवण्यावर तिकडे नियम आहेत, त्यामुळे यापुढे तिथल्याच दुकानातलं मिरचीचं बी घ्या.

आणि यंदाचं झाड उपटू नका! मिरची मुळात बहुवर्षायू आहे. रात्री दहा अंशांच्या आसपास उतरायला लागल्या की फांद्या निम्म्यावर छाटा, पानांच्या मागे मावा आहे का ते नीट बघून साबणाच्या पाण्याने धुवा आणि कुंडी आत घ्या. हिवाळाभर पाणी अगदी कमी. थोडी पानं गळतील, गळू देत. मार्चमध्ये त्याच खोडावर नवे फुटवे येतील आणि बियांच्या रोपापेक्षा ते बरंच आधी फुलावर येईल.